आठ डावे, चार उजवे

सर फळ्याकडे वळले तेवढ्यात शिंप्याने त्यांची मान काढून घेतली. दोनच रेघा. एक कानामागून निघून खांद्यात शिरणारी, दुसरी हनुवटीखालून सुटलेली. मग पेन्सिल आडवी धरून, एक डोळा मिटून, मान खांद्यांच्या किती पुढे येते ते त्याने मोजलं. चार बोटं. कागदावर त्याने सहा केली.

शेजारच्या मेजावरच्या मुलीने वाकून पाहिलं आणि तोंडावर हात दाबला. तिला सगळा वर्ग चष्मेवाली म्हणायचा. वर्गात आणखी चौघांना चष्मा होता, पण नाव तिला चिकटलं होतं.

"टेलरकाका, सर अगदी कासव दिसतायत."

"दिसायलाच पाहिजेत."

"आणि कपडे? कपडे घातलेच नाहीत तुम्ही त्यांना."

"आधी हाडं, मग मांस, मग कपडे. सरच म्हणतात ना?"

"म्हणतात. पण स्वतःबद्दल नसतील म्हणत."

शिंपी हसला नाही. लाइटबॉक्सच्या काठावरच्या खुंट्यांत अडकवलेल्या त्या कागदावर त्याने दुसरा, कोरा कागद बसवला आणि काचेखालचा दिवा लावला. खालची मान वरच्या कागदातून पुसट दिसू लागली. तिच्यापासून एक धागाभर पुढे त्याने दुसरी मान काढली. असे कागदामागून कागद काढायचे, मग गठ्ठा बोटांनी फडफडवायचा, की चित्र चालायला लागतं. दोन महिन्यांत तो एवढं शिकला होता. अजून एक महिना होता. महिन्याच्या शेवटी एका सभागृहात प्रत्येकाची अर्ध्या मिनिटाची फिल्म दाखवायची होती. घरची माणसं येणार होती, या धंद्यातली माणसं येणार होती. सर पहिल्या रांगेत बसणार होते.

त्या दिवसासाठीच तो अ‍ॅनिमेशन शिकायला आला होता.

पहिल्या दिवशी सरांनी त्याला विचारलं होतं, "या वयात इकडे कसे?" शिंपी त्रेसष्ट वर्षांचा होता आणि वर्गातली बाकीची मुलं विशी-बाविशीची. तो म्हणाला होता, "जन्मभर माणसं मोजली. आता काढून बघावी म्हटलं." सरांना हे उत्तर फार आवडलं. त्यांनी ते दोनदा वर्गाला ऐकवलं. शिंप्याने ते घरून तयार करून आणलं होतं.

वर्ग भरायचा ती खोली पहिल्या मजल्यावर होती. पूर्वी तिथे स्टुडिओ होता. स्टुडिओ बंद पडला, सर तिथेच शिकवू लागले. खोलीला रस्त्याकडे एक रुंद खिडकी होती. खिडकीतून समोरचा फुटपाथ दिसायचा, औषधांचं दुकान दिसायचं, आणि कोपऱ्यावर रस्ता वळायचा ते वळण दिसायचं. वळणाच्या पलीकडे शिंप्याचं दुकान होतं. ते दिसत नव्हतं.

त्याची बायको रोज दुपारी एक वाजता त्या फुटपाथवरून डबा घेऊन यायची. डाव्या हातात डबा, उजवा हात कमरेवर. जरा डुलत चालायची. पाच वर्षांपूर्वी लहान मुलांची एक मालिका सुरू झाली आणि तिच्यात एक बाई आली. डाव्या हातात डबा, उजवा हात कमरेवर, प्रत्येक पावलाला सगळं शरीर एका बाजूला कलंडायचं आणि मागे ढोल वाजायचा. ढब, ढब, ढब. तिचं नाव डगमग मावशी. पंधरा दिवसांत गल्लीतल्या पोरांना कळलं की मावशी रोज दुपारी इथूनच जाते.

पहिल्यांदा ती स्वतःच हसत दुकानात आली होती. "अहो, मी टीव्हीवर आलेय म्हणे." मग पोरं मागे लागायला लागली. एक पुढे, दोन मागे, कमरेवर हात ठेवून, तोंडाने ढोल वाजवत. मग ती मागच्या बोळातून यायला लागली. तो रस्ता दुप्पट लांब होता. मग ऊन फार आहे म्हणाली, मग थंडी फार आहे म्हणाली, आणि एक दिवस डबा यायचा बंद झाला. ती घरातच राहू लागली. खुर्चीवरून पलंगावर आली. दवाखान्यात नेलं तेव्हा दुखणं खुब्याच्या हाडातून निघून आणखी कुठे कुठे गेलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "कधीपासून लंगडतात या?"

"लंगडत नाही," शिंपी म्हणाला होता. "तिची चालच तशी आहे."

ती जाऊन आता वर्ष झालं होतं. मालिकेच्या शेवटी नावं यायची, त्यातलं पात्र काढणाऱ्याचं नाव त्याने दुकानातल्या खडूने भिंतीवर लिहून ठेवलं होतं. तेच नाव एक दिवस शिकवणीच्या जाहिरातीत दिसलं.

*

रविवारी मेव्हणी आली. ती अधूनमधून यायची, फडताळं उघडून बघायची, धूळ काढायची आणि बोलायची. जेवणाच्या मेजावर सरांचे चाळीसेक कागद पसरले होते. पोट आत ओढणारे सर, टकलावर उरलेले केस आडवे चिकटवणारे सर, टाचा घासत चालणारे सर.

"कोण हो हा बापडा?"

"ज्याने तुझ्या ताईला काढलं तो."

मेव्हणी खाली बसली. तिने एक कागद उचलला, उलटा धरला, सुलटा धरला. "म्हणजे तुम्ही चित्रं शिकताय ते यासाठी? मी सगळीकडे सांगत सुटलेय, भावजींनी मन रमवायला काहीतरी सुरू केलंय म्हणून."

"रमतंय की."

"आणि हे करून काय होणार?"

"तिच्यावर गल्ली हसली. याच्यावर सभागृह हसेल. त्याच्या ओळखीची माणसं असतील तिथे. मग उद्या तो रस्त्याने जाताना त्याला वाटेल, आपल्या पाठीमागे कोणीतरी चालतंय. बस, एवढंच."

"ताई असती तर म्हणाली असती, काहीतरी शिवत बसा."

"ती नाहीये."

मेव्हणीने कागद खाली ठेवला. बोटाने मेजाची कड पुसली. "भावजी, ताईचा पाय दुखायचा."

"शेवटी शेवटी."

"शेवटी नाही हो. माझ्याकडे आली की..."

शिंपी उठला. त्याने गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि नळ पूर्ण सोडून कप विसळायला लागला. पाण्याच्या आवाजात पुढचं ऐकू आलं नाही. मेव्हणीनेही ते पुन्हा सांगितलं नाही.

*

सरांना ते कागद सापडणारच होते. शिंप्याला वाटलं होतं, सभागृहातच सापडतील. पण त्या मंगळवारी सर मेजांमधून फिरत आले, शिंप्याच्या मागे उभे राहिले, आणि त्याने दिवा बंद करायच्या आत गठ्ठा खुंट्यांवरून उचलून त्यांनी बोटांनी फडफडवला.

चष्मेवालीने डोळे मिटून घेतले. वर्गातलं खोडरबर घासणं थांबलं.

सरांनी गठ्ठा पुन्हा एकदा फडफडवला. या वेळी हळू.

"मान चुकली," ते म्हणाले.

कोणीतरी खोकलं.

"मान चुकली म्हणतोय मी. माझी मान पुढे येते ती मानेमुळे नाही, पाठीमुळे. ही बघा. बरगड्या संपतात तिथून पाठीला बाक येतो, मग डोकं सांभाळायला मान पुढे जाते." ते वर्गाकडे एक बाजू करून उभे राहिले आणि स्वतःच्या पाठीवर हात फिरवून दाखवू लागले, दुकानात गिऱ्हाइकाला कापड दाखवावं तसे. "तुम्ही नुसती मान ताणली. म्हणून कासव झालं. मी नाही झालो. केस मात्र छान जमलेत. केसांबद्दल काही म्हणणं नाही माझं."

वर्ग हसला. हसून मोकळा झाला. शिंप्याचे कान तापले. ज्याच्यावर कात्री चालवायची त्यानेच ती हातात घेऊन धार बघावी, तसं त्याला झालं.

"दुसरं म्हणजे, वजन नाही," सर म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "राग आहे. रागावर माझं काही म्हणणं नाही, रागाने माणूस बारीक बघतो. पण तुमचा माणूस जमिनीवर चालत नाहीये. कागदावर चालतोय. पाय टेकला की वजन कुठे जातं? कुठल्या खुब्यावर? ते नाही काढलंत तर कोणी हसणार नाही. थांबा."

ते आपल्या कपाटाकडे गेले आणि पुठ्ठ्याचं एक चपटं खोकं घेऊन आले. खोक्याच्या कडा चिकटपट्टीने बांधल्या होत्या. आतून त्यांनी बारा कागद काढले. कागद पिवळे पडले होते. ते त्यांनी शिंप्याच्याच खुंट्यांवर बसवले.

"माझ्या हातून झालेली ही एकच खरी चाल. बाकी सगळं पोटापाण्याचं."

मुलं गोळा झाली. पहिला कागद दिसताच दोघं एकदम ओरडले, "डगमग मावशी!" एकाने तोंडाने ढोल वाजवला. ढब, ढब. चष्मेवालीने बसल्या जागी खांदे कलवून दाखवले आणि सगळे खदखदले.

शिंप्याने दिवा लावला.

ती होती. मालिकेत रंग भरलेली, गाल फुगलेली मावशी असायची. इथे काळ्या पेन्सिलीची साधी रेघ होती. आणि रेघेच्या आत, झग्याच्या आत, निळ्या पेन्सिलीने हाडं काढलेली होती. कणा, बरगड्यांचा पिंजरा, कमरेच्या हाडाचं भांडं, मांड्यांची दोन लांब हाडं, गुडघ्यांच्या वाट्या. तिची छाती, कंबर, बाही, उंची, सगळं त्याला पाठ होतं. झोपेतून उठवलं तरी त्याने सांगितलं असतं. हे निळं त्याच्याकडे नव्हतं.

"फडफडवू नका. मोजा," सर म्हणाले. "डावा पाय किती कागद जमिनीवर आहे?"

शिंप्याने एकेक कागद उलटला. "आठ."

"उजवा?"

त्याने मोजले. पुन्हा मोजले. "चार."

"तुमच्या-माझ्या चालीत सहा आणि सहा असतात. हिचे आठ आणि चार का?"

"मजा यावी म्हणून?" चष्मेवाली म्हणाली.

"मजा ढोलवाल्याने आणली. आणि मागची बाजू मी जरा फुगवली, ते पाप माझं. पण आठ आणि चार मी केले नाहीत, ते तिचे आहेत. का?"

सरांनी बोट उजव्या खुब्यावर ठेवलं. "दुखतंय म्हणून. पाय टेकला की इथे कळ येते. मग शरीर काय करतं, तो पाय लगेच सोडून देतं. आणि धड त्या बाजूला कलतं, म्हणजे सांध्यावरचा भार कमी होतो. हा कमरेवरचा हात बघा. मालिकेत तो ऐट म्हणून आला. ऐट नाही ती, हाताने खुबा दाबून धरलाय तिने. खरी बाई होती. या खिडकीतून तीन महिने बघत होतो. रोज एक वाजता. सुरुवातीला उजवा पाय पाच कागद टिकायचा. मी पाचच काढला होता. शेवटी चारावर आला, म्हणून सगळं खोडून पुन्हा काढलं."

मुलं आता हसत नव्हती. ढोल वाजवणाऱ्याने हात खिशात घातले.

"मग तुम्ही काय केलंत?" शिंप्याने विचारलं.

"सांगितलं ना, पुन्हा काढलं."

"तिला सांगितलं नाहीत?"

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. "काय सांगणार? रस्त्याने जाणाऱ्या बाईला थांबवून म्हणू, बाई, तुमचा खुबा दाखवून घ्या? एकदा जिना उतरलो होतो. खोटं कशाला बोलू. अर्ध्यातून वर आलो." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "हातात डबा असायचा ना तिच्या. म्हणजे रोज कोणीतरी तो खाणारं होतं. म्हटलं, मला एवढ्या उंचावरून दिसतंय, तर ज्याला ती डबा नेते त्याला दिसत असेलच की."

शिंप्याने दिवा बंद केला. कागदातली निळी हाडं विझली.

*

घरी आल्यावर त्याने कपाट उघडलं. तिचे झगे तसेच होते. मेव्हणी दर वेळी म्हणायची, देऊन टाका कोणालातरी, आणि तो म्हणायचा, बघू. सगळे त्यानेच शिवलेले. घोळदार, तिरप्या कापलेल्या कापडाचे, पोटरीच्या खाली येणारे. तिला तसेच आवडायचे.

त्याने ते पलंगावर एकावर एक ठेवले, ज्या क्रमाने शिवले त्या क्रमाने. गळ्यातला टेप काढला. कमरेपासून खालच्या दुमडीपर्यंत, डावी बाजू. मग उजवी. सगळ्यात जुना झगा दोन्हीकडे सारखा होता. त्यानंतरच्याची उजवी बाजू पाव इंच कमी. मग अर्धा इंच. मग पाऊण. हिरव्या झग्याची एक इंच. करड्या झग्याची, जो तिने शेवटचा घातला, दीड इंच.

हे त्याला नवीन नव्हतं. त्यानेच केलं होतं. तिरपं कापलेलं कापड लोंबतं, दोन-चार धुण्यांत एका बाजूने खाली येतं, हे नव्या शिंप्यालाही ठाऊक असतं. झगा उजवीकडे खाली आला की तो ती बाजू तेवढी वर घ्यायचा. पुढचा झगा बेततानाच उजवीकडे कमी धरायचा. तिला स्टुलावर उभी करून, आपण गुडघ्यांवर बसून, तोंडात टाचण्या धरून तो तिच्याभोवती सरकत जायचा, आणि जमिनीपासून दुमड सगळीकडून सारखी आली की मागे होऊन बघायचा. बघायचा म्हणजे दुमडीकडे. पाण्याची पातळी असावी तशी सरळ. आपल्या हातच्या झग्यात तिचं डुलणं निम्मं झाकलं जातं, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याला त्याचा अभिमान होता. एका गिऱ्हाइकाला त्याने ते सांगितलंही होतं.

ती खुर्चीची पाठ धरून उभी राहायची.

"अहो, आटपा ना जरा. उभं राहवत नाही."

"हलू नकोस," तो टाचण्यांमधून म्हणायचा.

मापाची वही खालच्या खणात होती. गिऱ्हाइकांची नावं लिहिलेली, तारखा घातलेली. तिचं पान पहिलंच होतं. त्याच्याच अक्षरात होतं, उ. बाजू पाव इंच आत. त्यापुढची तारीख मालिका सुरू होण्याच्या आधीची होती. दहा महिने आधीची. सर खिडकीत बसून तिला बघायला लागले त्याच्याही आधीची.

तो पलंगाच्या कडेला बसला. मग फोन उचलून मेव्हणीला लावला.

"त्या दिवशी तू काय सांगत होतीस?"

"कधी?"

"तुझ्याकडे आली की. ती काय करायची?"

"जिना बसून उतरायची हो. एकेक पायरी, लहान मुलं उतरतात तशी. मला म्हणायची, भावजींना बोलू नकोस. बोललीस तर ते लगेच काहीतरी नवीन शिवायला घेतील."

"कधीपासून?"

"सोडा ना आता."

"कधीपासून?"

"मी भिंतींना रंग काढला ना, त्या वर्षापासून. तिच्या हिरव्या झग्याला रंग लागला होता."

शिंप्याने हिरवा झगा उलटा केला. आतल्या बाजूला, दुमडीपाशी, बोटाएवढा पिवळा डाग होता. तो त्याने तेव्हाच दुमडीत घेतला होता, दिसू नये म्हणून.

त्याने कात्रीच्या टोकाने पहिला टाका उसवला. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत त्याने सगळ्या झग्यांच्या उजव्या बाजू उसवून खाली सोडल्या.

*

पुढच्या वर्गाला त्याने सरांचा गठ्ठा सरांच्याच मेजावर ठेवला. "हे तुमचं. आता नको मला."

"अहो, मानेचं दुरुस्त करा, चांगली फिल्म होईल!"

"दुसरी करतोय."

"कोणाची?"

"आहे एक माणूस. त्याची खोड मोडायची आहे."

सरांनी त्यातला एक कागद लाल पेन्सिलीने दुरुस्त करून भिंतीवर लावला. पाठीला बाक, मान चार बोटं. आता तो खरोखरच त्यांच्यासारखा दिसत होता.

त्या महिन्यात शिंप्याने दुकान अर्धाच दिवस उघडलं. वर्गात तो सगळ्यांच्या आधी यायचा. एकदा त्याने चष्मेवालीच्या हातात तिचाच फोन दिला, खोलीच्या मध्ये एक स्टूल ठेवलं, तोंडात टाचण्या धरल्या आणि स्टुलाभोवती गुडघ्यांवर रांगायला लागला.

"सगळ्या बाजूंनी काढ फोटो."

"टेलरकाका, मागून फार वाईट दिसतंय हो."

"किती वाईट?"

"म्हणजे... ढग दिसतो. ढगाला पाय."

"तसंच पाहिजे. अजून खालून काढ."

"चष्मा नाकावरून घसरलाय, तो वर करा."

"राहू दे."

त्याने सगळं वापरलं. सरांच्या मानेत जे चुकलं होतं ते इथे चुकू दिलं नाही. बाक कुठून येतो, गुडघ्यावर वजन कसं पडतं, ढुंगण वर आणि डोकं खाली असलं की कणा कसा ताणतो, टाचण्या धरलेले ओठ बदकासारखे कसे होतात. रागाने माणूस बारीक बघतो, हे खरं होतं. पंचवीस दिवसांत त्याने एकशे ऐंशी कागद काढले. शेवटचे बारा काढताना त्याला कोणाचंही चित्र समोर लागलं नाही. फक्त मागची बाजू त्याने फुगवली नाही.

*

सभागृह लहान होतं, पण भरलं होतं. सकाळची वेळ होती, खिडक्यांना काळे पडदे लावले होते. मेव्हणी नवी पर्स घेऊन आली होती आणि शिंप्याच्या शेजारी ताठ बसली होती. पहिल्या रांगेत सर. मागे यंत्रापाशी चष्मेवाली, फिल्मा एकामागून एक लावत होती. एक उडणारा कुत्रा झाला, एक रडका राजा झाला.

मग पडद्यावर दोन पाय आले. स्टुलावर उभे असलेले बाईचे पाय, वर झग्याचा घेर. बाईचं बाकी काही दिसत नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर एक हात होता. घेराच्या मागून एक म्हातारा शिंपी रांगत आला. आधी ढग आला, मग शिंपी.

सभागृह हसलं. तो बदकाचे ओठ करून टाचणी लावायचा, डोळा बारीक करायचा, दुमडीला नाक लावायचा, पुढे सरकायचा. खुर्चीवरचा हात घट्ट व्हायचा. हसू वाढत गेलं. मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पडद्यावरचा शिंपी पूर्ण फेरी मारून आला, मागे झाला, दुमडीकडे बघून त्याने मान डोलावली आणि दोन्ही हात झटकले. मग तो वळला आणि टाचण्या एकेक करून डबीत ठेवायला लागला, पाठमोरा, खूश.

त्याच्या पाठीमागे बाई स्टुलावरून उतरली आणि चालत पडद्याबाहेर गेली. झग्याची दुमड सगळीकडून सारखी होती.

लोक अजून शिंप्यालाच हसत होते. मेव्हणीने मात्र त्याच्या बाहीला धरलं होतं. पहिल्या रांगेत सरांनी मांडीवर ठेवलेल्या हाताची बोटं हलवली. ते मोजत होते. मग ते थांबले आणि वळून, अंधारात, एकेक रांग शोधत मागे बघायला लागले.

त्यांची नजर येऊन पोचली तेव्हा शिंपी पडद्याकडेच बघत होता. पडदा पांढरा झाला होता.

"टेलरकाका," चष्मेवालीने मागून हाक मारली, "पुढची लावू का?"

"नको," तो म्हणाला. "हीच लाव पुन्हा."